'बाय' : एक छोटे इंग्रजी अव्यय, अनेक अर्थ

विषय : तांत्रिक इंग्रजी व संवादकौशल्य
स्तर : पदवी, पहिले व दुसरे वर्ष

या पाठात आपण काय पाहणार आहोत

- 'बाय' या अव्ययाचा मूळ अर्थ आणि त्यातून निघालेले इतर अर्थ
- 'बाय' आणि 'विथ', 'बाय' आणि 'अनटिल', 'बाय' आणि 'टू' यांतील फरक
- गणित, मोजमाप आणि तांत्रिक लेखनातील 'बाय'
- भारतीय इंग्रजीतील काही खास वापर
- सरावासाठी प्रश्न व उत्तरे

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेतील सूचनापत्रावर येऊ शकणारी ही दोन वाक्ये वाचा.

'रेज द टेम्परेचर टू ५० डिग्रीज.'
'रेज द टेम्परेचर बाय ५० डिग्रीज.'

समजा, पात्रातील द्रवाचे तापमान आत्ता ३० अंश सेल्सिअस आहे. पहिल्या सूचनेप्रमाणे ते ५० अंशांवर न्यायचे आहे. दुसरीप्रमाणे त्यात ५० अंशांची भर घालायची आहे, म्हणजे ते ८० अंशांवर जाईल. पात्रात पाणी असेल तर फार बिघडणार नाही. पण ॲसिटोन असेल तर? ॲसिटोन साधारण ५६ अंशांना उकळते आणि त्याची वाफ चटकन पेट घेते. पहिल्या सूचनेत द्रव उकळत नाही, दुसऱ्या सूचनेत पात्रातून ज्वालाग्राही वाफ बाहेर पडू लागते. दोन्ही वाक्यांत फरक आहे तो एका छोट्या शब्दाचा.

शाळेत आपली 'बाय'शी ओळख बहुधा कर्मणी प्रयोगाच्या धड्यात होते. 'रामाने रावण मारला' याचे इंग्रजी करताना 'बाय राम' असे लिहायला आपण शिकतो आणि 'बाय म्हणजे ने किंवा कडून' हे समीकरण डोक्यात पक्के बसते. समीकरण चुकीचे नाही, पण ते फार थोड्या वाक्यांना पुरते. शिवाय मराठीतील 'ने' आणि 'पर्यंत' हीसुद्धा अनेक कामे करणारी रूपे आहेत. मराठीत जिथे एका रूपावर भागते तिथे इंग्रजी दोन वेगळे शब्द वापरते. आपल्या चुका नेमक्या याच ठिकाणी होतात. म्हणून 'बाय'चे मराठी प्रतिशब्द पाठ करण्यापेक्षा एक सवय लावून घ्या. वाक्यात 'बाय' दिसला की विचारा : हा 'बाय' कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे? कुठे, कशाने, कोणी, कधीपर्यंत, की कितीने? उत्तर मिळाले की अर्थ आपोआप उलगडतो.

२. मूळ अर्थ : बाजूला, लगत

'बाय' हा इंग्रजीतील फार जुना शब्द आहे. जर्मन भाषेत त्याचाच सख्खा भाऊ आजही जवळजवळ त्याच उच्चाराने वापरात आहे आणि 'जवळ, पाशी' हा त्याचा मुख्य अर्थ आहे. इंग्रजीतही सुरुवात याच अर्थापासून झाली.

'द पंप हाऊस इज बाय द रिव्हर.' : पंपघर नदीकाठी आहे.
'स्टँड बाय द गेट.' : फाटकापाशी उभे राहा.

इथे 'निअर' आणि 'बाय' यांत फरक आहे. 'निअर' म्हणजे फार दूर नाही, 'बाय' म्हणजे अगदी लगत. 'पनवेल इज निअर मुंबई' असे म्हणता येते, 'पनवेल इज बाय मुंबई' असे म्हणत नाहीत. समुद्राला लागून असलेले घर मात्र 'बाय द सी' असते.

याच अर्थाला गती मिळाली की 'बाजूने पुढे जाणे' हा अर्थ येतो. 'द बस वेंट बाय' म्हणजे बस शेजारून निघून गेली. वर्षेही अशीच निघून जातात : 'टेन इयर्स वेंट बाय.' पुढे 'कोणत्या वाटेने' हा अर्थ आला. 'दे लेफ्ट बाय द बॅक डोअर' म्हणजे ते मागच्या दाराने गेले.

आपल्या विषयांतील काही रोजचे शब्द या मूळ अर्थावरच उभे आहेत. 'बायपास' रस्ता गावात न शिरता बाजूने जातो. बायपास झडप मुख्य मार्ग टाळून प्रवाहाला बाजूची वाट देते. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेतही अडलेल्या रोहिणीला बगल देऊन रक्ताला दुसरी वाट करून दिली जाते. 'बायप्रॉडक्ट' म्हणजे मुख्य उत्पादनाच्या जोडीने, बाजूला मिळणारा पदार्थ. साखर कारखान्यात साखर हे मुख्य उत्पादन. मळी आणि चिपाड ही उपउत्पादने. 'बायस्टँडर' म्हणजे बाजूला उभा असलेला, घटनेत भाग न घेतलेला माणूस.

एक शब्द मात्र फसवा आहे. गृहनिर्माण संस्थेचे 'बायलॉज' म्हणजे उपविधी आपण ऐकलेले असतात. त्यातला 'बाय' या कुळातला मानला जात नाही. त्याचा संबंध गाव किंवा वस्ती या अर्थाच्या उत्तर युरोपीय शब्दाशी जोडतात. इंग्लंडमधील डर्बी, व्हिटबी या गावांच्या नावाच्या शेवटी तोच शब्द आहे. निरोप घेतानाचा 'बाय' तर पूर्ण वेगळा; तो 'देव तुझ्यासोबत असो' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी वाक्याचा झिजून उरलेला तुकडा आहे.

३. साधन आणि रीत : 'कशाने?'

वाटेवरून वाहनाकडे जाणे सोपे आहे. 'बाय बस', 'बाय ट्रेन', 'बाय रोड', 'बाय सी', 'बाय पोस्ट', 'बाय चेक', 'बाय ई-मेल' या सर्व प्रयोगांत रीत सांगितली आहे, एखादी विशिष्ट वस्तू नाही. म्हणून यांत नामाआधी 'अ', 'द', 'माय' असे काही येत नाही. विशिष्ट वाहनाबद्दल बोलायचे असेल तर अव्यय बदलते.

'आय केम बाय ट्रेन.' : मी रेल्वेने आलो.
'आय केम ऑन द ७:४० लोकल.' : मी ७:४०च्या लोकलने आलो.
'आय केम इन माय अंकल्स कार.' : मी काकांच्या गाडीने आलो.

तिन्ही मराठी वाक्यांत 'ने' आहे, इंग्रजीत तीन वेगळी अव्यये आहेत. 'बाय माय अंकल्स कार' हा प्रयोग आपल्याकडे सर्रास ऐकू येतो, तो टाळा. तसेच 'बाय वॉक' म्हणू नका. 'ऑन फूट' म्हणा, किंवा सरळ 'आय वॉक्ड' म्हणा.

'बाय हँड' या शब्दांकडे थोडे लक्ष द्या. 'वेल्डेड बाय हँड' म्हणजे यंत्राने नव्हे, हाताने जोडकाम केलेले. कार्यालयीन पाकिटावर कोपऱ्यात 'बाय हँड' लिहिले असेल तर अर्थ होतो : टपालाने नव्हे, माणसाच्या हाती पाठवलेले. दोन्हींत प्रश्न 'कशाने' हाच आहे. पहिल्यात काम कशाने केले, दुसऱ्यात पत्र कशाने पोचले.

क्रियापदाच्या 'इंग' रूपाआधी 'बाय' आला की मराठीत '-ऊन' प्रत्यय लावून पाहा.

'वुई रिड्यूस्ड द लॉस बाय यूझिंग अ थिकर वायर.' : जाड तार वापरून आम्ही हानी कमी केली.

प्रकल्प अहवालात 'हे कसे साधले' असे सांगताना ही रचना फार उपयोगी पडते.

४. कर्ता : 'कोणी?' आणि 'बाय'–'विथ' यांचा घोळ

आता शाळेतला ओळखीचा 'बाय'. कर्मणी वाक्यात काम कोणी केले हे तो सांगतो.

'द रामन इफेक्ट वॉज डिस्कव्हर्ड बाय सी. व्ही. रामन इन १९२८.'
'द ऑटोमॅटिक गेट्स ॲट खडकवासला वेअर डिझाइन्ड बाय एम. विश्वेश्वरय्या.'

इथवर अडचण नाही. अडचण येते ती कर्ता आणि अवजार एकाच वाक्यात आले की. हे मराठी वाक्य पाहा : 'तंत्रज्ञाने टॉर्क रेंचने बोल्ट आवळला.' यात 'ने' दोनदा आला आहे. एकदा माणसाला, एकदा हत्याराला. मराठी वाचकाला संदर्भाने बरोबर कळते. हिंदीत हा भेद रूपातच दिसतो : 'मिस्त्री ने रिंच से बोल्ट कसा.' इंग्रजीही दोन शब्द वापरते.

'द बोल्ट वॉज टाइटन्ड बाय द टेक्निशियन विथ अ टॉर्क रेंच.'

नियम असा : काम करणाऱ्याला 'बाय', त्याने हातात घेतलेल्या अवजाराला 'विथ'.

मग निर्जीव वस्तूला 'बाय' लागतच नाही का? लागतो. 'द रूफ वॉज डॅमेज्ड बाय द स्टॉर्म.' वादळ कोणी हातात धरलेले नाही, ते स्वतःच्या जोरावर नुकसान करते. म्हणून 'बाय'. आता खालील दोन वाक्यांची तुलना करा.

'द ग्लास वॉज ब्रोकन बाय अ स्टोन.'
'द ग्लास वॉज ब्रोकन विथ अ स्टोन.'

पहिल्या वाक्यात दगड कुठून तरी येऊन काचेवर आदळला. टायरखालून उडाला असेल, वरून पडला असेल. दुसऱ्या वाक्यात कोणीतरी दगड घेऊन काच फोडली. माणसाचा उल्लेख नाही, पण 'विथ' म्हटल्याबरोबर तो वाक्यात येऊन उभा राहतो. तुम्ही उद्या एखाद्या कारखान्यात अपघाताचा अहवाल लिहिणार आहात. 'द पाइप वॉज डॅमेज्ड विथ अ हॅमर' असे लिहिलेत तर तुम्ही नकळत कोणावर तरी ठपका ठेवता. हातोडा फळीवरून घसरून पाइपवर पडला असेल तर 'बाय अ फॉलिंग हॅमर' असेच लिहायला हवे. चौकशी समिती आणि विमा कंपनी दोघीही असे शब्द नीट वाचतात.

आणखी एक खबरदारी. 'द सॅम्पल्स वेअर ड्राइड बाय द फर्नेस' या वाक्यातून काय कळते? नमुने भट्टीने वाळवले, की भट्टीशेजारी ठेवून वाळवले? 'लगत' आणि 'कशाने' हे दोन्ही अर्थ इथे बसतात. अशा वेळी 'बाय' सोडून द्या. 'इन द फर्नेस' किंवा 'निअर द फर्नेस' लिहिले की शंका उरत नाही.

५. मुदत : 'कधीपर्यंत?'

मराठीतील 'पर्यंत' आता आपली परीक्षा घेणार आहे.

'शुक्रवारपर्यंत अहवाल द्या.'
'शुक्रवारपर्यंत प्रयोगशाळा उघडी राहील.'

दोन्हीकडे 'पर्यंत' आहे, पण दोन गोष्टी घडत आहेत. अहवाल एकदाच द्यायचा आहे. आज, उद्या किंवा शुक्रवारी, फक्त त्यापुढे नाही. प्रयोगशाळा मात्र तोवर सतत उघडी राहणार आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी 'बाय' आणि दुसऱ्यासाठी 'अनटिल' किंवा 'टिल'.

'सबमिट द रिपोर्ट बाय फ्रायडे.'
'द लॅब विल बी ओपन अनटिल फ्रायडे.'

ओळखायची खूण सोपी आहे. मराठी वाक्यात 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' घालून पाहा. 'शुक्रवारच्या आत अहवाल द्या' चालते, म्हणजे 'बाय'. 'शुक्रवारच्या आत प्रयोगशाळा उघडी राहील' खटकते, म्हणजे 'अनटिल'. मात्र ही खूण फक्त निवड करण्यापुरती आहे. 'बाय फ्रायडे'मध्ये सामान्यतः शुक्रवारही धरला जातो. शुक्रवार वगळायचा असेल तर 'बिफोर फ्रायडे' म्हणतात. निविदा किंवा प्रवेश अर्जात वाद नको म्हणून 'ऑन ऑर बिफोर' असे लिहून वर तारीख आणि वेळही देतात.

हा फरक सुरक्षेच्या सूचनांत किती महत्त्वाचा ठरतो ते पाहा. 'कीप द स्विच ऑफ अनटिल ६' याचा अर्थ सहा वाजेपर्यंत स्विच बंदच ठेवा. 'स्विच ऑफ बाय ६' याचा अर्थ सहाच्या आत कधीतरी बंद करा. पहिल्या सूचनेवर विसंबून कोणी तारेला हात लावत असेल आणि तुम्ही दुसरी लिहिली असेल, तर सहा वाजायच्या आधी ती तार जिवंत असू शकते.

कालावधीसाठी 'विदिन' वापरा. 'तीन दिवसांत द्या' म्हणजे 'विदिन थ्री डेज'. इथे 'बाय थ्री डेज' म्हणू नका, कारण त्याचा अर्थ वेगळाच आहे. 'द डेडलाइन वॉज एक्स्टेंडेड बाय थ्री डेज' म्हणजे मुदत तीन दिवसांनी वाढवली. मुदत १० तारखेची होती, ती १३ झाली. हा 'कितीने' सांगणारा 'बाय' आहे. त्याकडे आपण पुढच्याच भागात येतो.

'बाय नाऊ' म्हणजे एव्हाना, 'बाय देन' म्हणजे तोवर. यांच्या सोबत क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणारा काळ येतो : 'बाय द टाइम वुई रीच्ड द साइट, द काँक्रीट हॅड सेट.' आम्ही साइटवर पोचेपर्यंत काँक्रीट घट्ट झाले होते. 'बाय डे' आणि 'बाय नाइट' मात्र मुदतीचे नाहीत. 'द क्रू वर्क्स बाय नाइट' म्हणजे गट रात्रीच्या वेळी काम करतो.

६. फरक : 'कितीने?'

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त लागणारा 'बाय' हाच. तो दोन आकड्यांतले अंतर सांगतो. 'टू' पोचण्याचे ठिकाण सांगतो.

मराठीत हा भेद स्वच्छ आहे. 'दर पाच रुपयांनी वाढला' आणि 'दर पाच रुपयांवर गेला' यांत आपण कधी गल्लत करत नाही. 'ने' म्हणजे 'बाय', 'वर' म्हणजे 'टू'. एवढे मनात ठेवले तरी पुरे. एकाच वाक्यात दोन्ही वापरल्याचे उदाहरण बातम्यांत नेहमी दिसते. फेब्रुवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर २५ बेसिस पॉइंट्सने कमी करून ६.२५ टक्क्यांवर आणला. इंग्रजीत : 'बाय २५ बेसिस पॉइंट्स, टू ६.२५ परसेंट.' आधीचा दर ६.५० होता हे या एका वाक्यावरून काढता येते.

क्रिकेटमधला 'बाय' याच घरातला. १९८३च्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारताच्या १८३ धावा आणि वेस्ट इंडिजच्या १४० धावा झाल्या. 'इंडिया वन बाय ४३ रन्स.' ४३ हे अंतर. २०११च्या अंतिम सामन्यात भारताने ४ गडी गमावून लक्ष्य गाठले : 'वन बाय ६ विकेट्स.' इथे हाती राहिलेले गडी हे अंतर.

आता काही आकडे हाताने करून पाहा. एका रोधाचे मूल्य २०० ओहम आहे.

- 'रिड्यूस्ड बाय २५ परसेंट' : २०० मधून ५० गेले, उरले १५० ओहम.
- 'रिड्यूस्ड टू २५ परसेंट' : २००च्या २५ टक्के, म्हणजे ५० ओहम.
- 'रिड्यूस्ड बाय अ फॅक्टर ऑफ ४' : चौथा हिस्सा झाला, म्हणजे ५० ओहम.

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत 'बाय' आहे, पण उत्तरे निराळी. 'फॅक्टर' हा शब्द आला की 'बाय' वजाबाकी-बेरजेचे अंतर न सांगता किती पट किंवा कितवा हिस्सा ते सांगतो. 'इनक्रीज्ड बाय अ फॅक्टर ऑफ ३' म्हणजे तिप्पट झाला. 'इनक्रीज्ड बाय थ्री टाइम्स' असे मात्र लिहू नका. काही जण २००चे ६०० समजतील, काही ८००. तिप्पट म्हणायचे असेल तर 'ट्रिपल्ड' लिहा, नाहीतर दोन्ही आकडे द्या.

टक्केवारीतच मोजली जाणारी राशी असेल तर आणखी सावध राहा. यंत्राची कार्यक्षमता ६० टक्के आहे. ती 'बाय १० परसेंट' वाढली तर ६०च्या १० टक्के म्हणजे ६ मिळवून ६६ टक्के होईल. 'बाय १० परसेंटेज पॉइंट्स' वाढली तर ७० टक्के. पहिले वाक्य लिहून मनात दुसरा अर्थ धरणारे प्रकल्प अहवाल कमी नसतात, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

७. गुणाकार, भागाकार आणि मापे

'मल्टिप्लाय बाय' म्हणजे गुणणे आणि 'डिव्हाइड बाय' म्हणजे भागणे. '१२ डिव्हायडेड बाय ३' बरोबर ४. क्रियापद उच्चारलेले असते तोवर गोंधळ नाही. भारतीय वर्गांत मात्र आपण क्रियापद गाळतो. 'पी बाय क्यू' म्हणजे आपल्याकडे अपूर्णांक, भाग दिलेला. 'दहा बाय बाराची खोली' म्हणजे लांबी आणि रुंदी, गुणाकाराकडे जाणारी. शब्द तोच, क्रिया उलट. सर्वे नंबर वाचताना मधली तिरकी रेघही 'बाय' म्हणूनच वाचली जाते. बेंगळुरूच्या दर्शिनीत 'बाय टू कॉफी' मागितली की एक कॉफी दोन पेल्यांत वाटून येते. देशात अनेक ठिकाणी 'वन बाय टू' सूपही असेच मिळते. तो भागाकाराचाच 'बाय'.

हे आपले इंग्रजी आहे आणि आपल्यात ते नीट चालते. परदेशी सहकाऱ्यांशी बोलताना मात्र 'थ्री बाय फोर' म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा आयत किंवा मॅट्रिक्स येतो, अपूर्णांक नव्हे. अपूर्णांकासाठी 'थ्री ओव्हर फोर' किंवा 'थ्री क्वार्टर्स' म्हणा. तसेच आपण 'थ्री इंटू फोर' म्हणून १२ उत्तर काढतो. ब्रिटिश शाळेत शिकलेल्याला 'थ्री इंटू ट्वेल्व्ह' हा भागाकार वाटतो, १२मध्ये ३ किती वेळा जातात असा. गुणाकारासाठी 'टाइम्स' हा शब्द सुरक्षित आहे.

मॅट्रिक्सच्या बाबतीत क्रम विसरू नका : 'थ्री बाय फोर मॅट्रिक्स' म्हणजे ३ ओळी आणि ४ स्तंभ. आधी ओळी, मग स्तंभ.

'कोणत्या मापाने' हे सांगायलाही 'बाय' येतो. 'पेड बाय द अवर' म्हणजे तासाच्या हिशेबाने मजुरी. 'सोल्ड बाय द किलो' म्हणजे किलोवर विक्री. स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी 'बाय वेट' आणि 'बाय व्हॉल्यूम' हे दोन शब्दप्रयोग कधीही नजरेआड करू नयेत. १:२:४ हे प्रमाण वजनाने घेतले आणि आकारमानाने घेतले तर मिश्रण सारखे होत नाही, कारण सिमेंट, वाळू आणि खडी यांची घनता सारखी नाही. त्यात वाळू ओलसर असली की ती फुगते. घमेले भरलेले दिसते, पण त्यात खरी वाळू कमी असते. म्हणून आपल्या आयएस ४५६ या मानकात सिमेंट आणि खडी-वाळू वजनाने मोजण्यावर भर आहे. आकड्यांपुढचे ते दोन शब्द न वाचता १:२:४ वापरणे म्हणजे एकक न लिहिता उत्तर देण्यासारखे आहे.

८. ठरलेले शब्दप्रयोग

हे प्रयोग जसेच्या तसे लक्षात ठेवावेत.

- 'बाय मिस्टेक' : चुकून
- 'बाय चान्स' : योगायोगाने
- 'बाय हार्ट' : तोंडपाठ
- 'बाय लॉ' : कायद्याने
- 'बाय डिफॉल्ट' : वेगळे काही निवडले नाही तर आपोआप
- 'वन बाय वन' : एकेक करून
- 'स्टेप बाय स्टेप' : पायरीपायरीने
- 'बाय द वे' : बरं का, विषय निघालाच आहे म्हणून
- 'बाय अँड लार्ज' : एकंदरीत. हा शिडाच्या जहाजांवरचा शब्द. वाऱ्याच्या रोखाला धरून आणि वारा मागून घेऊन, अशा दोन्ही तऱ्हांनी जहाज चालवणे हा त्याचा मूळ अर्थ

'बाय हार्ट'बद्दल एक सूचना. 'आय बायहार्टेड द फॉर्म्युला' असे क्रियापद करणे भारताबाहेर समजत नाही. 'आय लर्न्ट इट बाय हार्ट' म्हणा.

९. थोडक्यात

- कुठे? लगत : 'बाय द रिव्हर'. मराठीत पाशी, काठी.
- कशाने? रीत : 'बाय बस', 'बाय यूझिंग'. मराठीत ने, -ऊन. विशिष्ट वाहनाला 'ऑन' किंवा 'इन'.
- कोणी? कर्ता : 'बाय द टेक्निशियन'. मराठीत ने, कडून. अवजाराला 'विथ'.
- कधीपर्यंत? मुदत : 'बाय फ्रायडे'. मराठीत पर्यंत. सतत चालणाऱ्या स्थितीला 'अनटिल'.
- कितीने? अंतर : 'बाय ५० डिग्रीज'. मराठीत ने. पोचण्याच्या आकड्याला 'टू', म्हणजे मराठीत वर.

१०. सराव

आधी उत्तरे झाकून सोडवा.

१. टाकीतील दाब २ बार आहे. 'इनक्रीज द प्रेशर बाय ३ बार' या सूचनेनंतर दाब किती? 'टू ३ बार' असते तर?
२. रिकामी जागा भरा : 'कीप द व्हॉल्व्ह क्लोज्ड ___ द टँक इज फुल.'
३. रिकामी जागा भरा : 'द फॉर्म मस्ट रीच द ऑफिस ___ ३० जून.'
४. रिकाम्या जागा भरा : 'द स्लॅब वॉज कट ___ अ डायमंड सॉ ___ द कॉन्ट्रॅक्टर.'
५. कार्यक्षमता ४० टक्के आहे. 'बाय ५ परसेंट' आणि 'बाय ५ परसेंटेज पॉइंट्स' वाढल्यास ती किती होईल?
६. दुरुस्त करा : 'आय गो टू कॉलेज बाय माय ब्रदर्स बाइक.'

उत्तरे

१. ५ बार, ३ बार.
२. 'अनटिल', कारण झडप तोवर सतत बंद राहायची आहे.
३. 'बाय', कारण अर्ज एकदाच पोचायचा आहे.
४. 'विथ', 'बाय'.
५. ४२ टक्के, ४५ टक्के.
६. 'ऑन माय ब्रदर्स बाइक.'

आता आपल्याच मागच्या सत्रातील एखादा प्रयोग अहवाल काढा आणि त्यातील प्रत्येक 'बाय'खाली पेन्सिलने रेघ ओढा. प्रत्येक रेघेशेजारी पाचांपैकी एक प्रश्न लिहा : कुठे, कशाने, कोणी, कधीपर्यंत, कितीने. ठरलेले शब्दप्रयोग सोडून जिथे दोन प्रश्न बसतात किंवा एकही बसत नाही, ते वाक्य पुन्हा लिहायला घ्या.